ऑरेंज अलर्ट नेमका कुठल्या पुण्याला?

जून जवळ आला की या सदराच्या टपालात हवामानाचे प्रश्न वाढू लागतात. यंदा त्यांतले निवडून एकत्र घेतले आहेत, कारण बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण दिसते. हवामान खात्याच्या मूळ पत्रकात चार गोष्टी असतात: कुठे, कधी, किती आणि कितपत खात्रीने. ते पत्रक बातमीत आणि तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत त्या गळून पडतात आणि हातात फक्त रंग उरतो. त्या गोष्टी परत कशा मिळवायच्या, हेच पुढच्या उत्तरांमध्ये सांगायचा प्रयत्न केला आहे.

पुण्याला ऑरेंज अलर्ट म्हणून मुलांच्या शाळेला सुटी मिळाली. दिवसभर कोथरूडला थेंब नाही. मग अंदाज चुकला असंच म्हणायचं ना? (एक पालक, कोथरूड)

म्हणण्याआधी मूळ पत्रक उघडून तो अलर्ट कुणासाठी होता ते पाहा. पावसाळ्यात पुणे जिल्ह्याचा इशारा देताना घाटमाथा वेगळा काढलेला असतो. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर आणि जुन्नर-आंबेगावचा पश्चिमेकडचा भाग म्हणजे घाट. शहर आणि पूर्वेचे तालुके त्यात धरलेले नसतात. ‘पुणे (घाट)’ मधला कंस बातमीच्या मथळ्यात टिकत नाही आणि तामिणी घाटासाठी दिलेला इशारा कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापाशी येऊन पोचतो.

असं वेगळं काढावं लागतं ते सह्याद्रीमुळे. अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे कोकणातून माथ्याकडे चढताना थंड होतात, बाष्पाचं पाणी होतं आणि ते माथ्यावर व लगतच्या पट्ट्यात कोसळतं. तीच हवा पूर्वेला उतरू लागली की दाबली जाऊन तापते आणि ढग विरतात. लोणावळा ते शिवाजीनगर हे अंतर सरळ रेषेत जेमतेम ५०-५५ किलोमीटर. पण लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, शिवाजीनगरला सातशे-साडेसातशे, आणि दौंड-बारामतीकडे पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्याला एकच रंग देणं इथे भूगोलालाच मान्य नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी ८.३० ला संपतो. मंगळवारच्या इशाऱ्यात बुधवारची पहाटही येते. शाळेच्या वेळेत ऊन पडलं आणि पहाटे तीनला धो-धो कोसळला, तर तो इशारा खरा ठरला.

तिसरी गोष्ट, रंग म्हणजे पावसाचा आकडा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. किती पाऊस होईल, तो होण्याची शक्यता किती आणि झाला तर काय बिघडेल, या तिन्हींचा विचार करून रंग ठरतो. तामिणीत २४ तासांत १०० मिलिमीटर हा जुलैमधला नेहमीचा दिवस असतो. तेवढाच पाऊस दोन-तीन तासांत कात्रजच्या डोंगरउतारावर झाला, तर आंबिल ओढ्याला कसा पूर येतो ते २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याने पाहिलं आहे.

एवढं सगळं पाहूनही अंदाज चुकू शकतो. तपासायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या भागासाठी इशारा होता त्या भागातल्या केंद्रांचे आकडे पाहा. तेही कोरडे असतील तर इशारा चुकला, आणि तसं स्पष्ट म्हणावं. मात्र इशारा देऊन पाऊस न येणं आणि पाऊस येऊन इशारा नसणं, या दोन चुकांची किंमत सारखी नसते. पहिलीत शाळेचा एक दिवस जातो, दुसरीत माणसं जातात. म्हणून इशारा देणारा पहिल्या चुकीकडे थोडा झुकलेला असतो, आणि आमच्या मते तसाच असावा.

‘बऱ्याच ठिकाणी हलका ते मध्यम, तुरळक ठिकाणी मुसळधार’ या वाक्यातून काय घ्यायचं? (वाचक, हडपसर)

यातल्या प्रत्येक शब्दाला आकडा ठरलेला आहे. ‘ठिकाणी’चा आकडा त्या विभागातल्या किती टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल, त्यावर: तुरळक म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत, काही म्हणजे २६ ते ५०, बऱ्याच म्हणजे ५१ ते ७५, आणि बहुतांश म्हणजे त्याहून जास्त. पावसाचा आकडा २४ तासांचा: २.५ ते १५.५ मिलिमीटर हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार.

आता तुमचं वाक्य वाचा. निम्म्याहून जास्त केंद्रांवर छत्री पुरेल असा पाऊस, आणि चारांत फार तर एका केंद्रावर ६५ मिलिमीटरच्या पुढे. ते एक केंद्र तुमचं असेल का, हे या वाक्यात सांगितलेलं नाही आणि २४ तास आधी ते सांगताही येत नाही. शेतकरी वाचकांना ६५ चा आकडा ओळखीचा असेल. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरून पंचनाम्याचा विषय सुरू होतो.

सोसायटीच्या गच्चीवर आम्ही पर्जन्यमापक ठेवला आहे. परवा त्यात ६२ मिलिमीटर भरले आणि पेपरात शिवाजीनगरचे ३१. खरं कुणाचं? (सोसायटीचे सचिव, धनकवडी)

दोन्ही खरं असू शकतं. धनकवडी कात्रजच्या डोंगराला लागून, शिवाजीनगर तिथून आठ-नऊ किलोमीटरवर. वळवाचा किंवा परतीचा पाऊस देणारा एखादा ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा असतो आणि तासाभरात संपतो. त्यामुळे दुप्पट फरक अगदी सहज पडतो. जुलैतल्या संततधारेत मात्र एवढा फरक वारंवार दिसू लागला, तर मापकाकडे पाहायला हवं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या एका हिशोबावर घरचा मापक बनवता येतो. तोंडाचा व्यास १६ सेंटिमीटर असलेलं नरसाळं घ्या. त्याचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे २० मिलिलिटर पाणी बरोबर एक मिलिमीटर पाऊस. हवामान खात्याच्या फायबरच्या मापकांमध्येही २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचा प्रकार आहे. नरसाळं तेलाच्या पाच लिटरच्या धुतलेल्या कॅनवर घट्ट बसवा. त्यात २५० मिलिमीटरपर्यंतचा पाऊस मावतो. दोन लिटरची बाटली लावली तर ती १०० मिलिमीटरला भरून वाहू लागते, आणि ज्या रात्रीचा आकडा हवा असतो नेमकी तीच रात्र हुकते. मोजायला औषधाच्या दुकानात मिळणारा १०० मिलिलिटरचा मोजपेला पुरतो. मिलिलिटरला २० ने भागा, झालं.

चुका बहुतेक जागेच्या असतात. गच्चीवर वारा कठड्यावरून उसळून वर जातो आणि थेंब नरसाळ्याच्या वरून वाहून नेतो. जोराच्या वाऱ्यात पाऊस कमी भरतो. शक्य असेल तर मापक खाली बागेत ठेवा, तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. त्याहून खाली ठेवलं तर फरशीवरून उडणारे शिंतोडे आत जातात. झाड, भिंत, टाकी यांची उंची मापकाच्या तोंडापासून जेवढी, त्याच्या निदान दुप्पट अंतर राखा. तोंड समतल आहे ना, ते पाणसळीने पाहून घ्या. जांभळाखाली ठेवलेला मापक पाऊस थांबल्यावरही अर्धा तास भरत राहतो.

मोजायचं रोज सकाळी ८.३० ला, आणि मोजून झालं की रिकामा करायचा. २५ तारखेला सकाळी मोजलेला पाऊस २५ च्याच नावावर लिहायचा, जरी तो बहुतेक २४ ला पडलेला असला तरी. खात्याची पद्धत तीच आहे. तुमचा ६२ आणि पेपरातला ३१ यांत हाही घोळ असू शकतो, कारण संध्याकाळच्या बातम्यांत सकाळी ८.३० ते संध्याकाळी ५.३० एवढाच आकडा येतो आणि दुसऱ्या दिवशी तो २४ तासांच्या आकड्याशेजारी छापला जातो. तुलना करताना दोन्हीकडचे तास सारखे आहेत ना, हे आधी पाहा.

कुणी स्वयंचलित केंद्र घेतलं असेल तर त्यात दोन बाजूंना कलंडणारी छोटी वाटी असते. एकदा कलंडली की ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर मोजला जातो. फार जोराच्या पावसात वाटी कलंडत असतानाचं पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो. त्याहून नेहमीची तक्रार म्हणजे नरसाळ्याच्या भोकात कबुतराची विष्ठा किंवा कडुलिंबाची पानं अडकणं. मुसळधार पाऊस संपल्यावरही यंत्र तासन् तास बारीक रिपरिप दाखवत राहिलं, तर भोक तुंबलंय हे नक्की. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ते साफ करा.

मोबाइल अ‍ॅप सांगतं, ‘बाणेर, उद्या दुपारी ४, पाऊस ७० टक्के’. हे ७० कशाचे? (विद्यार्थिनी, बाणेर)

७० टक्के भागात पाऊस किंवा ७० टक्के वेळ पाऊस, असा त्याचा अर्थ नाही. अशी परिस्थिती दहा वेळा आली तर त्यातल्या सात वेळा तिथे त्या वेळेत पाऊस होईल, असा आहे. अंदाज चांगला की वाईट हे एका दिवसावरून कळत नाही. वहीत महिनाभर नोंद ठेवा: ‘७० टक्के’ म्हटलेल्या दिवसांपैकी साधारण सत्तर टक्के दिवशी पाऊस आला, तर अ‍ॅप प्रामाणिक आहे. नव्वद टक्के दिवशी आला तरी त्याच्या टक्क्यांत खोट आहे, कारण त्याने खात्री कमी सांगितली.

हे टक्के येतात कुठून? संगणक सगळ्या पृथ्वीच्या हवेचे चौकोन पाडून पुढच्या दिवसांचं गणित करतो. आजच्या हवेचं मोजमाप कुठेच पूर्ण नसतं, म्हणून सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच गणित अनेकदा चालवतात. २१ पैकी १५ गणितांनी पाऊस दाखवला तर ढोबळमानाने ७० टक्के. आपल्याकडच्या जागतिक गणितांचे चौकोन बरीच वर्षं १२ किलोमीटरचे होते. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकोनांवर चालते. तिच्यासाठी ‘अर्का’ हा महासंगणकही तिथेच आहे. परदेशी अ‍ॅप कुठलं गणित वापरतं ते बहुधा सांगत नाही. १२ किलोमीटरच्या एका चौकोनात बाणेर, पाषाण, औंध, कोथरूड सगळं बसतं, म्हणून ‘बाणेर’ हे नाव फक्त पडद्यावर असतं, गणितात नसतं. ‘दुपारी ४’ हेही बरेचदा तीन-तीन तासांच्या आकड्यांमधून ओढून काढलेलं असतं.

आणखी एक फसगत. दुपारी १ ते ७ प्रत्येक तासाला ३० टक्के दिसलं की लोक ‘आज फक्त ३० टक्के’ म्हणून निघतात. प्रत्येक तास स्वतंत्र धरला तर सहा तासांत कधीतरी पाऊस येण्याची शक्यता ८८ टक्के निघते. प्रत्यक्षात तास एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे खरा आकडा ३० आणि ८८ च्या मध्ये कुठेतरी. पण ३० नक्कीच नाही.

साइटवर स्लॅब भरायचा आहे. दिवस कसा निवडावा? कुठला अंदाज कधी पाहायचा? (सुपरवायझर, वाघोली)

प्रश्न आवडला, कारण यात निर्णय घ्यायचा आहे आणि निर्णय असला की अंदाज कसा वाचायचा ते आपोआप स्पष्ट होतं. आधी तुमची मर्यादा कागदावर लिहा: काँक्रीट ओतताना आणि त्यानंतरचे पहिले काही तास जोराचा पाऊस चालणार नाही, भुरभुर ताडपत्रीने भागेल. ती अंदाज पाहण्याआधी ठरवायची. अंदाज पाहून मर्यादा ठरवली की मन हवं तसं वळतं.

हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं. त्यातून आठवडा ओला की कोरडा एवढंच घ्या. तारीख ठरवू नका. पाच दिवस आधीपासून जिल्ह्याचा अंदाज रोज पाहा आणि तो कुठल्या दिशेने बदलतोय ते लिहून ठेवा. सोमवार, मंगळवार, बुधवार तिन्ही दिवस शुक्रवारबद्दल तेच सांगत असतील तर भरवसा वाढतो. रोज उलटसुलट होत असेल तर हवेतच अनिश्चितता आहे, तारीख पुढे ढकला. आदल्या संध्याकाळी तयार काँक्रीटची (आरएमसी) गाडी पक्की करण्याआधी शेवटचं पत्रक. त्या दिवशी सकाळपासून उपग्रहाचं चित्र आणि तीन तासांपुरती दिली जाणारी तातडीची सूचना, जिला खात्यात नाऊकास्ट म्हणतात. मेघगर्जनेच्या पावसात भरवसा ठेवावा असा अंदाज तोच, आणि तो मिळतो तेव्हा हातात दोन-तीन तासच असतात. तोपर्यंत ताडपत्र्या साइटवर उलगडून ठेवलेल्या हव्यात.

ऋतूप्रमाणे वेळ बदला. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुण्याचा पाऊस बहुधा दुपारी तीननंतर उठतो, कारण जमीन तापून हवा वर चढायला तेवढा वेळ लागतो. सकाळी सहाला सुरू करून दुपारपर्यंत आटपा. जुलैत पावसाला अशी वेळ नसते, सरींमध्ये उघडीप असते. तिथे जोर महत्त्वाचा, वेळ नाही.

बिघडतं ते दोन ठिकाणी. रात्रीच्या पावसाने वाळू भिजलेली असते आणि ते पाणी कुणी हिशोबात घेत नाही. एका घनमीटर काँक्रीटला सहाशे-सातशे किलो वाळू लागते. तिच्यात ५ टक्के ओल असेल तर तीस-पस्तीस लिटर पाणी न मोजता आत गेलं. दुसरं, पृष्ठभागावर पाणी साचलं की त्यावर कोरडं सिमेंट मारायची सवय. त्याने वरचा थर वेगळा होऊन पुढे पापुद्रे सुटतात. साचलेलं पाणी आधी काढा. आणि मध्येच थांबावं लागलं तर जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा कुठे येईल, हे इंजिनिअरकडून आदल्या दिवशीच खूण करून घ्या.

ग्रुपवर रडारचं चित्र येतं, पुण्यावर लाल डाग असतो, आणि बाहेर काहीच नसतं. उलटही होतं. रडार बिघडलेलं असतं का? (वाचक, सिंहगड रस्ता)

क्वचितच. चित्रावरची वेळ आधी पाहा. ती बहुतेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. अर्ध्या तासापूर्वीचं चित्र मेघगर्जनेच्या पावसासाठी शिळं असतं.

मग चित्राचा प्रकार. ‘मॅक्स झेड’ लिहिलेलं चित्र जमिनीपासून वरपर्यंतच्या उभ्या स्तंभातला सगळ्यात जोरदार परतावा, म्हणजे थेंबांवरून रडारकडे परत आलेला किरण, दाखवतं. तो डाग सहा किलोमीटर उंचीवरचा असू शकतो, पाणी अजून खाली यायचं असतं किंवा वाटेतच वाळून जातं. रंगांचा आकडा डीबीझेड या परताव्याचा जोर मोजणाऱ्या एककात असतो: ३० म्हणजे तासाला साधारण तीन मिलिमीटर, ४० म्हणजे बाराच्या आसपास, ५० म्हणजे पन्नासच्या जवळ. दहाने आकडा वाढला की पाऊस चौपट. गारा असल्या तर आकडा फुगतो.

उलटी तक्रार, म्हणजे पाऊस पडतोय आणि चित्र कोरं, ही मुंबईच्या रडारचं चित्र पुण्यासाठी पाहताना हमखास येते. कुलाब्यापासून पुणे सुमारे १२० किलोमीटर. अर्धा अंश वर रोखलेला किरण पृथ्वीच्या गोलाईमुळे इथवर येईपर्यंत समुद्रसपाटीपासून जवळजवळ दोन किलोमीटर उंच गेलेला असतो आणि दोन किलोमीटर रुंद पसरलेला असतो. पुणे ५६० मीटरवर. म्हणजे आपल्या डोक्यावरचा जवळपास दीड किलोमीटरचा थर किरणाच्या मध्याखाली राहतो. पावसाळ्यातली भुरभुर नेमकी त्याच थरातल्या बुटक्या ढगांतून येते. मध्ये सह्याद्री आहेच.

गाडीत ४४ अंश, बातम्यांत ३९. आणि थंडीत पाषाणला ९ असताना मगरपट्ट्यात १४-१५ कसं? (वाचक, मगरपट्टा)

केंद्रातला तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, मोकळ्या जागेत असतो. पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत येत नाही. तो हवेचं तापमान मोजतो. गाडीचा सेन्सर डांबराच्या जवळ, इंजिनाच्या उष्णतेत. सिग्नलला उभे असताना तो सगळ्यात खोटं बोलतो. हायवेवर दहा मिनिटं सलग चालल्यावर येणारा आकडा त्यातल्या त्यात जवळचा.

थंडीतला फरक मात्र खरा आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता आकाशाकडे टाकते. तिला लागून असलेली गार, जड हवा उतारावरून वाहत सखल भागात साठते. पाषाण, एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) या टेकड्यांलगतच्या मोकळ्या भागांत ती जमते. मगरपट्टा, कोरेगाव पार्क इथे काँक्रीट दिवसभराची ऊब रात्रभर सोडत राहतं. ढग आले किंवा वारा सुटला की फरक त्याच रात्री मिटतो.

उष्णतेच्या लाटेचंही इथेच सांगतो. मैदानी भागात कमाल तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश जास्त असेल तर लाट धरतात. एप्रिलअखेर पुण्याची सरासरी ३८ च्या आसपास असते, त्यामुळे इथे ४२.५ च्या घरात गेल्याशिवाय निकष पुरा होत नाही. ‘लाट जाहीर झाली नाही’ याचा अर्थ ४१ अंशांत दुपारी उघड्यावर काम करणाऱ्याला धोका नाही, असा अजिबात घेऊ नका.

मान्सून आला की वळीव, हे कशावरून ठरतं? (वाचक, सासवड)

पडलेल्या पाण्यावरून ओळखता येत नाही, वाऱ्यावरून येतं. वळीव दुपारी उठतो, बहुधा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतो, सोसाट्याचा वारा, कडकडाट, कधी गारा, आणि तासाभरात आकाश मोकळं. मान्सूनमध्ये जमिनीपासून काही किलोमीटर उंचीपर्यंत पश्चिमेचे दमट वारे टिकून राहतात, ढग खाली उतरतात, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कमी होतो. पुण्याची सर्वसाधारण तारीख १० जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच पोचल्याचं जाहीर झालं होतं. पेरणीसाठी मात्र आगमनाच्या बातमीपेक्षा शेतातली ओल पाहा. आगमनानंतर आठ-पंधरा दिवसांचा खंड ही काही नवलाई नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, पेरणीचा निर्णय त्याच्या आधारे घ्यावा.

शहरात फारसा पाऊस नसताना नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली कसा जातो? खडकवासल्याचा विसर्ग आधी समजावा म्हणून काय पाहायचं? (वाचक, विठ्ठलवाडी)

मुठेला येणारा पूर शहरातल्या पावसाचा नसतो, टेमघर, वरसगाव, पानशेत या धरणांच्या वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा असतो. खडकवासला धरून चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट), पण वाटेतलं शेवटचं खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. त्यात ३५ हजार क्युसेकने पाणी येत राहिलं तर ते अगदी रिकामं असलं तरी सोळा तासांत भरेल. पावसाळ्याच्या मध्यावर ते रिकामं नसतंच, म्हणून वरून येईल तेवढं पाणी खाली सोडण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. ३५ हजार म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. २५ जुलै २०२४ च्या पहाटे विसर्ग या घरात होता आणि त्याच रात्री शहरातही ११० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. ओढे नदीत रिकामे होईनात आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं.

तुमच्यासाठी पाहायचा क्रम असा. ‘पुणे घाट’चा रंग नारिंगी किंवा लाल आणि खडकवासला नव्वद टक्क्यांच्या वर, हे दोन्ही एकत्र दिसले की रात्री झोपण्याआधी तळघरातल्या आणि नदीकडच्या गाड्या वर घ्या. पाटबंधारे विभाग विसर्ग वाढवताना वेळ आणि आकडा दोन्ही जाहीर करतो; निरोप पुढे पाठवताना दोन्ही तसेच ठेवा, ‘धरणातून पाणी सोडलं’ एवढंच लिहू नका. पाच हजार क्युसेक आणि पस्तीस हजार क्युसेक यांत तुमच्या पार्किंगचा फरक आहे. पाणी सोडल्यापासून शहरातल्या पुलांपर्यंत पोचायला काही तास लागतात, त्यामुळे पहाटे चारचा निरोप सकाळी सातला वाचला तर हाताशी वेळ उरत नाही. सोसायटीत रात्रपाळीच्या वॉचमनच्या फोनवर हे निरोप येतील अशी सोय करा, आणि कुठल्या आकड्याला कुणाला उठवायचं ते त्याच्या टेबलासमोर लिहून चिकटवा.